बुधवारची वीस पानं

सिनेमाचा जसा शुक्रवार, तसा अमेरिकेत सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा बुधवार. मार्व्हल आणि डीसी या दोन प्रकाशन-घराण्यांचं फारसं कशावर एकमत होत नाही, पण वार एकच होता. २०२० मध्ये डीसीने वितरक बदलला आणि वारही बदलून मंगळवार घेतला. पुढची चार वर्षं बॅटमॅन मंगळवारचा आणि स्पायडरमॅन बुधवारचा. २०२४ च्या जुलैत डीसी पुन्हा बुधवारवर आली आणि आठवड्याचा गठ्ठा परत एकगठ्ठा झाला.

गठ्ठा हातात आला की आधी चळत लावायची. ज्या अंकात कुणीतरी मरणार अशी कुजबुज आहे, तो सगळ्यात वर, कारण ती बातमी संध्याकाळपर्यंत कुणीतरी कानावर घालणारच. (मेलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत परत येतो, तरी मरण आपलं आपण वाचावं.) महासंग्राम चालू असेल, म्हणजे एकच मोठी कथा दहा-बारा मालिकांत सांडलेली असेल, तर मुख्य अंक आधी आणि जोड-अंक नंतर. उलट केलंत तर मुख्य अंकातला धक्का जोड-अंकातल्या कुणाच्या तरी पुटपुटण्यातून आधीच फुटतो. ज्याचं चित्र सगळ्यात सुंदर तो अंक चळतीच्या तळाशी, घाई संपल्यावर वाचायला. मधे उरतात ते सवयीचे अंक. वाचून आनंद होत नाही आणि सोडवतही नाही असे. लागोपाठ तीन अंक तसेच गेले की चौथा घेऊ नये. हा नियम सांगायला सोपा आहे, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

अंक म्हणजे काय ऐवज असतो? साडेसहा इंचांहून जरा जास्त रुंद, सव्वादहा इंच उंच, मधोमध दोन पिना. आत साधारण बत्तीस पानं, त्यातली कथेची वीस, बाकी जाहिराती आणि पुढच्या महिन्याच्या हाका. पूर्वी बावीस पानं मिळायची. २०११ च्या सुरुवातीला डीसीने किंमत २.९९ डॉलरवर रोखताना दोन पानं काढून घेतली. पुढे किंमत ३.९९ झाली, बऱ्याच अंकांची ४.९९ झाली, ती दोन पानं मात्र काही परत आली नाहीत. १९३८ साली सुपरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा दिसला, तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दहा सेंटला होता आणि चौसष्ट पानांचा होता. महागाईचा हिशेब करत बसायचं नाही, पण वीस पानांत काय बसतं हा प्रश्न मात्र दर बुधवारी पडतो.

बसतं पुष्कळ. १९६२ मध्ये ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात स्पायडरमॅन जन्मला, तो अकरा पानांत. कोळी चावतो, अंगात बळ येतं, पोरगा कुस्तीत पैसे कमावतो, टीव्हीवर मिरवतो, पळणाऱ्या चोराला अडवत नाही, काका मारले जातात, मारेकरी तोच चोर निघतो. अकरा पानं! हीच जन्मकथा २००० साली ‘अल्टिमेट’ मालिकेत नव्याने सांगितली, तेव्हा पहिला खंड सात अंकांचा झाला. वाईट नव्हता, संवाद तर झकासच होते. पण तिथून एक खोड लागली. पाच-सहा अंक जोडून पुस्तक काढायचं आधीच ठरलेलं असतं, मग लेखक पुस्तक लिहितो आणि त्याचे सहा तुकडे पडतात. दुसरा आणि चौथा तुकडा हटकून पातळ. दोन माणसं गच्चीवर उभी राहून मागच्या महिन्यात काय झालं ते एकमेकांना सांगतात, वारा सुटलेला असतो, केप फडफडते, अंक संपतो.

माझी परीक्षा साधी आहे. अंक मिटायचा आणि एका वाक्यात सांगून पाहायचं की पहिल्या पानावर होतं त्यातलं विसाव्या पानावर काय बदललं. वाक्य होत नसेल तर अंक फसला, चित्रं कितीही देखणी असोत. कथा क्रमशः असण्याला हरकत नाही. क्रमशः कादंबरीच्या प्रकरणालाही आपलं आपलं काही घडवावं लागतंच.

नव्या काळात हे जमत नाही असंही नाही. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या नव्या ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये पीटर पार्कर बायको आणि दोन मुलं असलेला पुरता संसारी माणूस आहे, आणि कोळी त्याच्या वाट्याला येतो तो पहिल्या अंकाच्या अगदी शेवटी. म्हणजे अख्ख्या अंकात सुपरहिरो असा नाहीच. तरी वाक्य होतं: आयुष्यात काहीतरी राहून गेलंय असं वाटणाऱ्या माणसाला ते काय राहिलं हे कळतं, आणि तो ते उचलतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ने उलटी वाट धरली. तिथला ब्रूस, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, श्रीमंत नाही, इंजिनिअर आहे, आणि छातीवरचं वटवाघूळ उपसून त्याची कुऱ्हाड करतो. वाडा नाही, बटलरचा थाट नाही, हाताशी जे आहे तेच हत्यार, हे एका वस्तूत सांगून मोकळे. पानांवर बारीक चौकटींची दाटी, त्यामुळे चार-पाच डॉलर दिल्यासारखं वाचायला मिळतं. पहिला अंक असा असावा.

आता पान उलटण्याबद्दल. कॉमिक्समधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वाया घालवलेली युक्ती ती हीच. पहिलं पान उजव्या हाताला येतं, म्हणून विषम पानं उजवीकडे, सम पानं डावीकडे. वाचक पान उलटतो तेव्हा त्याच्यासमोर येतं ते सम पान. धक्का द्यायचा तर तो तिथे, आणि त्याची चाहूल आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत. दार किलकिलं होतं, नायक मागे वळतो, डोळे विस्फारतात, आणि मग उलटा पान. हाच धक्का उजव्या पानावर ठेवला की डावं पान वाचायच्या आधीच डोळ्याच्या कोपऱ्यातून हिरवी कवटी दिसते आणि डावीकडचे सगळे संवाद फुकट जातात. दर आठवड्याच्या गठ्ठ्यात असा एक तरी अंक निघतोच. दोष दर वेळी लेखकाचा नसतो. मधे एक जाहिरात घुसली की पुढची सगळी पानं एका घराने सरकतात, आणि सम होतं ते विषम होतं. दोन पानांवर पसरलेलं जोडचित्र तरी सम-विषम जोडीवरच बसवावं लागतं, त्यामुळे ते बचावतं. धक्क्याचं एकेरी पान कुणाच्या लक्षात राहत नाही. टॅबलेटवर वाचणाऱ्याला हा त्रास नाही, तिथे प्रत्येक पान उलटावंच लागतं. मात्र पडदा उभा धरला की जोडचित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं. चौकट-चौकट मोठी करून दाखवायची सोय तर मला पटतच नाही. पान ही एक आखणी असते; नऊ सारख्या चौकटींनंतर दहावी अख्ख्या पानभर आली तरच ती दणका देते. एकेक करून दाखवल्यावर सगळ्या सारख्याच.

संवादांचे फुगे नीट असले की दिसत नाहीत. वाचन डावीकडून उजवीकडे, वरून खाली. म्हणून आधी बोलणारा चौकटीत डावीकडे हवा. चित्रकाराने त्याला उजवीकडे काढलं की लेटररची, म्हणजे फुग्यांतली अक्षरं मांडणाऱ्याची, पंचाईत होते, फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात आणि उत्तर आधी वाचलं जातं, प्रश्न नंतर. जुन्या संपादकांचा एक ढोबळ हिशेब होता: पानावर सहा चौकटी, चौकटीत फार तर ३५ शब्द, म्हणजे पानाला २१०. आज चित्राला जागा देण्याच्या नादात काही पानांवर दहा शब्द असतात आणि मग शेवटी खलनायक आपला बेत समजावून सांगतो तेव्हा एकाच पानावर चारशे. अक्षरं सगळी कॅपिटल असतात, त्यातही एक बारकावा पाहावा. ‘आय’ या अक्षराला वर-खाली आडव्या रेघा फक्त ‘मी’ या अर्थाने येतो तेव्हाच असतात, शब्दाच्या पोटात आला तर नुसती उभी रेघ. शब्दाच्या मधे रेघावाला आय दिसला तर समजावं, लेटरिंग हौशी हाताचं आहे किंवा फार घाईत झालंय.

ढगासारखे विचारांचे फुगे जवळपास गेले आणि त्यांच्या जागी रंगीत चौकोनी पट्ट्या आल्या. एकटा नायक असेल तोवर ठीक. एकाच अंकात चौघे मनातल्या मनात बोलू लागले की लाल पट्टी कुणाची, निळी कुणाची, नारिंगी कुणाची याचा तक्ता जवळ ठेवावा लागतो. जुना ढग बिचारा निदान डोक्याच्या वर तरी असायचा.

रंगाचं दुखणं वेगळं. कलरिस्ट उजळ पडद्यावर रंगवतो, आपण कागदावर वाचतो. पडद्यावर गडद निळ्या आभाळापुढे काळा पोशाख स्पष्ट दिसतो. कागदावर शाईवर शाई बसते, दोन्ही एकजीव होतात आणि मारामारीत कुणी कुणाला मारलं ते आवाजाच्या अक्षरांवरून ओळखावं लागतं. रात्री फिरणाऱ्या नायकांच्या अंकांत हे सर्रास होतं. जाणता कलरिस्ट अशा वेळी खोटं बोलतो. मागे जांभळट उजेड टाकतो, कडेला एक पिवळी रेघ ओढतो. उजेड कुठून आला हे विचारायचं नसतं. छपाईपुढे खुद्द नायकांनाही वाकावं लागलंय. १९६२ मध्ये हल्क पहिल्या अंकात करडा होता. तो करडा प्रत्येक पानावर वेगळा उतरला, म्हणून दुसऱ्या अंकापासून गडी हिरवा.

चित्रकाराचा वेग ढोबळमानाने दिवसाला एक पान. वीस पानं म्हणजे सुट्या धरून महिना गेला. मग तीच मालिका महिन्यातून दोनदा काढायची ठरली की दुसरा हात लागणारच. तो अंकाच्या सुरुवातीपासून लागला तर वाईट वाटत नाही. चौदाव्या पानावर अचानक नायकाचा जबडा बदलतो तेव्हा वाईट वाटतं. घाईच्या खुणा ठरलेल्या आहेत. मागची पार्श्वभूमी गायब होते, माणसं नुसत्या काळ्या सावल्या होतात, एकच चौकट तीनदा चिकटवून फक्त फुगे बदलतात. श्रेयनामावलीत इंकर, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर शाई चढवणारे, म्हणून तीन-चार नावं दिसली की अंक उघडायच्या आधीच कळतं, मुदतीचा घोळ झालेला आहे. असा घोळ टाळता येतो. २००६-०७ मध्ये डीसीने ‘५२’ नावाची मालिका वर्षभर दर आठवड्याला काढली, बावन्न आठवडे बावन्न अंक. लेखक चार, चित्रकार बदलते. पण सगळ्या अंकांची कच्ची मांडणी एकट्या कीथ गिफनने केली, त्यामुळे हात बदलले तरी पानाची चाल तीच राहिली. हा धडा नंतर कुणी फारसा गिरवला नाही.

मुखपृष्ठांवर शब्द खर्च करायची इच्छा नव्हती, पण त्याशिवाय आठवड्याचा ताळेबंद पुरा होत नाही. आत वीसच पानं, बाहेर मात्र आठ-दहा वेगवेगळी मुखपृष्ठं. त्यातलं एखादं ‘पंचवीसास एक’ या दराचं, म्हणजे दुकानदाराने साध्या पंचवीस प्रती मागवल्या तर ते एक मिळणार. या धंद्यात न खपलेले अंक बहुतेक परत जात नाहीत, दुकानदाराच्या गळ्यात पडतात. मागणीचा अंतिम आकडा अंक येण्याच्या तीनेक आठवडे आधी द्यावा लागतो. म्हणून तो हमखास खपणारं तेवढं मागवतो, आणि पहिला अंक हमखास खपतो. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ असा पाच वेळा क्रमांक एकपासून सुरू झाला, त्याचं कारण कथेत शोधू नये. छोट्या मालिकेची मात्र यात गोची होते. ती आवडत असेल तर अंक दुकानात आल्यावर कौतुक करून उपयोग नाही, त्या तीन आठवड्यांच्या आत नाव नोंदवायला हवं. कौतुक ऐकून दुकानात जाणाऱ्याला रिकामी फळी दिसते.

वाचून झालेले अंक पिशवीत घालायचे, पाठीला पुठ्ठा लावून. पुठ्ठा आम्लविरहित हवा आणि एकच बाजू गुळगुळीत असेल तर ती अंकाकडे. पेटीत उभे ठेवायचे, फार सैल नाही, फार ठासून नाही. सैल असले की खालचा कोपरा मुडपतो, ठासले की काढताना पाठीवर बारीक पांढऱ्या चिरा पडतात. दमट जागी पिना गंजतात आणि डाग मधल्या जोडचित्रावर उतरतो. पिशवीची चिकटपट्टी मागच्या बाजूला दुमडून घट्ट बसवायची आणि अंक पुन्हा बाहेर काढताना आधी ती पूर्ण सोडवायची, नाहीतर मुखपृष्ठावरचा रंग तिच्याबरोबर निघून येतो. गच्चीवर केप फडफडणाऱ्या अंकांना ही भीती नाही. त्यांची पट्टी एकदा बसली की सुटत नाही.