आमची वाटचाल : आधी गळती, मग गॅस

गोव्यात डिचोलीला दुकान टाकलं तेव्हा गाडीचा एसी हा आमचा धंदाच नव्हता. सेल्फ, डायनामो, वायरिंग एवढंच काम. खाणींवरच्या जीप यायच्या, त्यावर घर चालायचं. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि दारातली लाल धूळसुद्धा हळूहळू कमी झाली. किनाऱ्यावरच्या टॅक्सींना मात्र एसीवाचून चालत नाही. बायकोच्या सल्ल्याने व्हॅक्यूम पंप आणि गेजचा सेट घेतला.

सुरुवातीला आम्हीही गॅस कमी दिसला की भरून द्यायचो. कळंगुटचा एक टॅक्सीवाला एकाच सीझनला तीनदा आला. तिसऱ्यांदा तो ओरडला नाही. "भाऊ, गॅस माझ्या गाडीत जातो की तुमच्या गल्ल्यात?" एवढंच बोलला. त्या दिवशी गाडी ठेवून घेतली.

साबणाचं पाणी मारून पाहिलं, एक बुडबुडा नाही. मोठ्या गळतीला साबण ठीक, बारीक गळती त्याला सापडत नाही. मग ओळखीच्या एकाकडून इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर मागून आणला. एसीतला १३४ए गॅस हवेपेक्षा जड, म्हणून प्रत्येक जोडाच्या खालून फिरवला. बोनेटमध्ये काहीच नाही. शेवटी ब्लोअर बंद करून पंधरा मिनिटं थांबलो आणि कूलिंग कॉइलचं पाणी जिथून ठिबकतं, त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी डिटेक्टर धरला. टिकटिक वाढत गेली आणि सरळ शिट्टीच झाली. डॅशबोर्ड उतरवला. कॉइलच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट डाग, त्यावर कुजलेला पाला चिकटलेला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. गॅस उडून जातो, तेल जागा दाखवतं. हा डाग तीन खेपांत मी एकदाही शोधला नव्हता. गॅसचे पैसे परत केले.

डिटेक्टर स्वतःचा घेतला, मग प्रेशर टेस्टसाठी, म्हणजे दाब भरून गळती बघायला, नायट्रोजनचा सिलिंडर आला. हवेच्या कॉम्प्रेसरने प्रेशर टेस्ट करणारे आहेत, पण त्या हवेतून ओलावा आत जातो. आणि पंपाने आतली हवा ओढून केलेला व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, हे मला पटत नाही. व्हॅक्यूममध्ये फरक पडतो जेमतेम एका वातावरणाच्या दाबाचा. एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूला, त्याच्या दहापटीहून जास्त दाब असतो. तरीही गळती दाद देत नसेल तर यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग, टाकतो, गाडी आठवडाभर फिरवायला सांगतो आणि रात्री शटर ओढून दिवा मारतो.

किनाऱ्याकडच्या गाड्यांचा कंडेन्सर, म्हणजे पुढच्या जाळीमागची गरम गॅस थंड करणारी कॉइल, खाऱ्या हवेने खाल्लेला असतो, म्हणून तिथे आधी तो बघायचा. कधी नुसती सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन गळते, टोपण कुणीतरी हरवलेलं असतं. दहा मिनिटांचं काम, पण तिथवर पोचायला कधी अर्धा दिवस जातो. म्हणून शोधण्याचे पैसे वेगळे लावतो. त्यावरून वाद होतात, होऊ देत.

"फक्त गॅस भरा, घाई आहे," म्हणणाऱ्याला परत पाठवतो. एप्रिल-मेमध्ये हे फार जिवावर येतं.