घाणा बंद पडल्यावर

संवादलेखनाच्या कार्यशाळेत एक दिवस वर्गाबाहेर काढायचा, हा आमचा शिरस्ता आहे. डोंगरमाथा, समुद्रकिनारा, तळ्याकाठचा बंगला असल्या जागा मात्र आम्ही मुद्दाम टाळतो. सुंदर जागी माणूस लिहायला बसतो आणि जागेचं कौतुक लिहून उठतो. दुपारी झोपही छान लागते, ते वेगळंच. संवाद लिहायला शिकायचा तर जिथे काम चालू आहे, कामाला वेळेची दोरी बांधलेली आहे आणि बिघडलं तर कुणाच्या तरी खिशाला चाट बसणार आहे, अशी जागा हवी. जानेवारीत आम्ही सहा जणांना करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर नेलं, ते या हिशेबाने. सहापेक्षा जास्त माणसं नकोत. दहा-बारा जण गेले की गुऱ्हाळाची सहल होते आणि कामगार पाहुण्यांशी बोलतात तसं बोलू लागतात.

मालकाची परवानगी आधी घेतली होती, आणि त्याने घातलेल्या अटी आम्ही सगळ्यांकडून पाठ करून घेतल्या. घाण्याच्या रुळांजवळ ओढणी, मफलर, सैल बाही चालणार नाही. चुलवण (रस शिजवायची मोठी चूल) आणि वाफा (गूळ ओतून निववायची उथळ जागा) यांच्या मधल्या वाटेवर उभं राहायचं नाही, कारण काहील, म्हणजे रसाची भली मोठी कढई, त्याच वाटेने ओढली जाते. उकळता पाक अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. मोबाईल पिशवीत. लिहायला पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची, खिशात मावणारी वही. काहिलीजवळ इतकी वाफ असते की कागद ओलसर होतो आणि शाईची अक्षरं फुटतात.

पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत फक्त वास लिहायचा. यामागे साधं कारण आहे. नाक फार लवकर सरावतं, आणि पाव तासाने विचारलं तर सगळेच ‘गुळाचा गोड वास’ एवढंच लिहितात. खरं तर तिथे एक वास नसतोच. घाण्याजवळ रसाचा हिरवट, गवतासारखा वास येतो. रस तापून मळी, म्हणजे त्यातला गाळ, वर आली की शिळ्या भाजीसारखा जड वास येतो. काकवीच्या, म्हणजे पातळ गुळाच्या, टप्प्याला तो गोड होतो आणि शेवटी त्याला करपटपणाची किनार येते. वाटेत पडलेल्या ओल्या चिपाडाचा, म्हणजे पिळून उरलेल्या उसाचा, आंबूस वास निराळाच. नुसत्या वासावरून आदण, म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणारा रस, कुठवर आलंय ते कळतं. लेखकाच्या दृष्टीने ते घड्याळच आहे. पात्राने मनगटाकडे न बघता ‘आता पाऊण तास राहिला’ म्हणावं, याची सोय वास करून देतो.

मग नकाशा. घाणा कुठे, रसाची टाकी कुठे, चुलवणात चिपाड सारणारा माणूस कुठे बसतो, गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, कुठे उभा असतो, आणि कोणाला कोण दिसतं. या शेवटच्या प्रश्नासाठीच नकाशा काढायचा असतो. चिपाड सारणारा खाली, काहिलीच्या मागच्या बाजूला बसलेला असतो. त्याला काहिलीतला रस दिसत नाही, गुळव्याचे खांदे आणि हात तेवढे दिसतात. घाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही. म्हणून जाळ वाढवायचा, कमी करायचा, तोडायचा, हे सगळं हाताने चालतं. आमच्यातल्या दोघांनी आधीच्या आठवड्यात वर्गात बसून गुऱ्हाळाचा प्रसंग लिहिला होता. त्यात गुळव्या आणि चुलवणावरचा माणूस चार-चार ओळींची वाक्यं बोलत होते. नकाशा काढून झाल्यावर दोघांनीही ते पान न सांगता फाडलं.

यानंतर क्रियापदं, वेळेसकट. विशेषणाला बंदी. एका आदणाला अडीच-तीन तास लागतात, तेवढ्यात पुरेशी क्रियापदं गोळा होतात. रस काहिलीत येतो, तापतो. रानभेंडीची ताटं ठेचून, पाण्यात भिजवून काढलेला चिकट रस त्यात पडतो, कारण तो गाळ धरून वर आणतो. मळी झाऱ्याने ओढून बाजूला घेतात. उकळी फुटायच्या आत मळी निघाली नाही तर ती रसातच मिसळते आणि गूळ काळपट होतो. चुन्याची निवळी पडते, तिने रसाचा आंबटपणा मारला जातो. निवळी कमी पडली तर गूळ चिकट राहतो, जास्त झाली तर रंग जातो. फेस काठापर्यंत चढला की गोडेतेलाचा थेंब टाकतात आणि फेस बसतो. सुमारे १०५ अंशांना काकवी होते, ११८ च्या आसपास गूळ. थर्मामीटर तिथे होता, पण खिळ्याला टांगलेला. गुळव्याने पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. पहिल्यांदा ती नुसती चिकटली. थोड्या वेळाने दुसरी मारली, ती टण्ण वाजली. त्याने पंजा खाली दाबल्यासारखा केला, चिपाड थांबलं, आणि साखळी-कप्पीने काहील उतरली. त्या मिनिटभरात कुणीही कुणाशी बोललं नाही. नेमका तोच मुहूर्त साधून आमच्यातल्या एकाने ‘तुम्हाला आत्ता काय वाटतं?’ असं विचारलं. त्याला उत्तर मिळालं नाही, बाजूला व्हायची खूण मिळाली.

प्रश्न विचारायची वेळ मळी निघाल्यानंतर आणि पाक घट्ट व्हायच्या आधी, अशी मधली असते. आणि ‘काय वाटतं’ हा प्रश्नच नव्हे. ‘हे केलं नाही तर काय होतं?’ असं विचारावं. त्याला माणूस दहा मिनिटं उत्तर देतो, आणि सांगता सांगता कोणी, कधी, कोणाचं आदण बिघडवलं तेही येतं. कथा तिथे असते.

दुपारी शेतीची वीज गेली. घाणा थांबला.

चुलवण चालूच होतं, कारण चिपाडाला वीज लागत नाही. पण टाकीत पुढच्या आदणाचा अर्धा रस पडून राहिला, आणि कानात बसलेला घाण्याचा आवाज एकदम गेला. सकाळपासून ‘जाळ’, ‘आवर’, ‘हां’ एवढ्यावर भागवणारी माणसं बोलायला लागली. गुळव्या म्हणाला, “बैलाचा घाणा हुता तवा लाईटीचं भ्या न्हवतं. बैल दमला की दुसरा जुपायचा.” उसाच्या मोळ्या आणून टाकणारा पोरगा मालकाबद्दल जे सकाळी बोलला नसता ते बोलला. वाक्यं लांब झाली, त्यांत ‘पण’ आणि ‘तवा’ यायला लागले. माणसं तीच आणि जागाही तीच, फक्त आवाज गेला तर बोलीची लांबी बदलली. वर्गात हे फळ्यावर आकृती काढून शिकवायचं म्हटलं असतं तर कुणाच्या गळी उतरलं नसतं.

वीज दोन तासांहून जास्त नव्हती. तोडलेला ऊस किंवा काढलेला रस पडून राहिला की त्यातली साखर फुटते, आणि मग गूळ बसत नाही, पाघळतो. वीज आल्यावर गुळव्याने टाकीवर वाकून वास घेतला, बोट बुडवून चाखलं, आणि चुन्याची निवळी नेहमीपेक्षा जास्त घातली. त्याने रंग जाणार हे त्याला माहीत होतं. कोल्हापूरच्या सौद्यात पिवळ्या गुळाला जो दर मिळतो तो काळपटाला मिळत नाही, हेही माहीत होतं. न बसणाऱ्या गुळापेक्षा काळा गूळ बरा, एवढा हिशेब त्याने मालकाला न विचारता केला. मालक आला, काहिलीत बघितलं, म्हणाला, “रंग गेला.” गुळव्या म्हणाला, “रस बी गेला असता.” दोघांच्या भांडणाचा अख्खा प्रसंग एवढाच. सहाही वह्यांत तो जसाच्या तसा उतरलेला होता.

परतीच्या गाडीत बसण्याआधी, तिथेच बांधावर, प्रत्येकाने तीनशे शब्द लिहायचे. घरी जाऊन नाही. १९७५ साली गॉडन आणि बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर प्रयोग केला होता. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले, काठावरचे काठावर. नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम दरवेळी तितका ठळक दिसला नाही. आम्ही भरवसा ठेवतो तो वह्यांवर: बांधावरच्या खर्ड्यात नावं आणि क्रियापदं असतात, घरी लिहिलेल्यात ‘मंद सुगंध दरवळत होता’ परत येतो.

खर्ड्याला अट एकच होती. पात्राला काहीतरी हवं असावं आणि आदणाने ते अडवावं. एकीने पुतण्या घेतला, त्याला गुळव्या काकाकडे पैसे मागायचे आहेत:

“काका, एक बोलायचं हुतं.”
“बोल की.”
“हितं न्हवं.”
“मग मळी वड. हात मोकळाच दिसतोय तुजा.”

पुतण्या मळी ओढत राहतो, काकवी होते, पाक घट्ट होतो, आणि विचारायची वेळ निघून जाते. गुळाच्या गोडीवर त्यात एक अक्षर नाही. तिच्या वहीत मात्र अकरा पानं होती, आणि प्रसंगात त्यातलं फार तर पाऊण पान आलं. हे प्रमाण आम्हाला ठीक वाटतं. अकराच्या अकरा पानं कथेत कोंबली की कथेचा माहितीपट होतो, आणि असे माहितीपट आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन तरी जमा होतात.

आठवड्याने पक्के खर्डे आम्ही गुळव्याला मोठ्याने वाचून दाखवले. ही पायरी बहुतेक लेखक गाळतात. त्याने तीन चुका काढल्या. एकाने भेंडीचा रस उकळी फुटल्यावर घातला होता. एकाने काहील उतरल्यावर गूळ लगेच ढेपेच्या साच्यात भरला होता, मध्ये वाफ्यात घोटून निववणं राहूनच गेलं होतं. तिसरी चूक पुतण्याच्या प्रसंगात होती: काका शेवटी काहील उतरवताना ‘उद्या ये’ म्हणतो. गुळव्या म्हणाला, तवा कोण बोलत न्हाई, आधी म्हणूदे नाहीतर मागनं. तिने ते वाक्य काढून टाकलं. प्रसंग आता गोळी वाजते तिथे संपतो.