‘क्रेझी’ अखेर सरळ वाजली!

मंडळी, मागच्या वेळी जिच्या नावाने बोटं मोडली होती, ती अमेरिकन कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनची ‘क्रेझी’ काल रात्री सरळ वाजली. तीच ती, डेक्का कंपनीची मोठ्या भोकाची छोटी रेकॉर्ड, क्रमांक 31317, 1961ची. धुतल्यावर खरखर बरीच गेली होती, पण वाव, म्हणजे स्वरांचं वर-खाली डुलणं, काही हटेना. फ्लॉइड क्रॅमरचा पियानो झोकांड्या खात होता.

बेल्ट नवा घातला, स्ट्रोबवर वेग पाहिला, बाकीच्या रेकॉर्डी ठणठणीत. मग नुसतं टोनआर्मकडे, म्हणजे सुईच्या दांड्याकडे, बघत बसलो. त्याच्या टोकाचं सुईवालं कार्ट्रिज दर फेरीला डावी-उजवीकडे डुलत होतं! रेकॉर्डचं भोकच मध्यावर नाही. फरक असेल अर्ध्या मिलिमीटरचा, पण सुई आत सरकते तशी त्रिज्या घटते आणि हेलकावा वाढतो. म्हणजे शेवटी बाई स्वर लांबवतात, नेमकी तिथेच वाट लागते. धांगडधिंग्याच्या गाण्यात हे खपलं असतं.

आणि हा आवाज किती कष्टाने उतरलाय! त्याच वर्षी जूनमध्ये बाईंना मोटारीचा अपघात, बरगड्यांना मार. 21 ऑगस्टला नॅशव्हिलच्या स्टुडिओत वरचे स्वर लागेनात, म्हणून निर्माता ओवेन ब्रॅडलीने वाद्यं तेवढी भरून घेतली. बाई मागाहून येऊन गायल्या. विली नेल्सनचं हे गाणं त्यांना आधी आवडलंही नव्हतं म्हणे. कंट्रीच्या यादीत 2, पॉपच्या यादीत 9. माझ्या मते फिडलला फाटा देऊन पियानो आणि जॉर्डनेअर्सचा कोरस पुढे आणला, तिथेच पॉपवाले गळाला लागले.

असो. मोठ्या भोकात बसवायचा प्लास्टिकचा घुमटी अडॅप्टर लडबडतो, त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळून पाहिली, फरक शून्य. पितळी अडॅप्टरच्या किमती ऐकून घाम फुटला. शिवाय भोकच सरकलेलं असेल तर पितळ काय करणार? शेवटी अडॅप्टर काढूनच टाकला. 38 मिमीच्या भोकात स्पिंडल, म्हणजे तबकडीचा मधला खुंटा, मोकळा राहतो, रबरी मॅटवर रेकॉर्ड बोटाने केसभर ढकलायची, आर्म बघायचा, परत ढकलायची. आर्म थांबला आणि पियानो जागेवर आला. लागोपाठ तीनदा ऐकली, शेजारचे काय म्हणाले असतील देव जाणे.

विक्रेत्याने ‘व्हीजी प्लस’ (‘व्हेरी गुड’च्या वरची प्रत) लिहिलं होतं. कडेचे ओरखडे पाहता जुकबॉक्समध्ये आयुष्य गेलेलं दिसतंय. मी व्हीजीसुद्धा जिवावर येऊन म्हणेन.

आता डिजिटाइझ करणार होतो, पण लिहितालिहिता सुचलं: स्पिंडलच्या एका बाजूला कागदाची पट्टी खोचली तर दरवेळी ढकलाढकली नको. आधी ते. मागच्या बाजूची ‘हू कॅन आय काउंट ऑन’ वेगळी जुळवावी लागेल, दोन्ही बाजूंचे साचे वेगळे. आपल्या एचएमव्हीच्या बारीक भोकाच्या ईपींना ही युक्ती चालत नाही. तिथे रीमरने भोक वाढवावं लागेल. कुणी केलंय का? माझा हात धजत नाही.