गर्डर नुसता ठिवलाय व्हय?

कोरेगाव साईडला एका नदीवर आमचं छोट्या पुलाचं काम चाललेलं, २५ मीटरचे चार प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेले) गर्डर, म्हणजे पुलाच्या लांब तुळया, आणि दोन क्रेन लावून ते बसवले त्यादिवशी आमचे तात्या (चुलते) हौसेनं बघायला आले. सगळं बघून झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "आरं, ह्यो नुसता ठिवलाय व्हय? बोल्ट न्हाई, वेल्डिंग न्हाई?"

तर हो, नुसता ठेवलाय. म्हणजे अबटमेंटच्या (पुलाच्या टोकाचा काठावरचा आधार) वर काँक्रीटचे छोटे चौथरे असतात, त्याला पेडेस्टल म्हणतात, त्यावर रबराचा जाड पॅड म्हणजे बेअरिंग, आणि त्यावर गर्डरचं टोक. पॅड दिसायला रबर पण आत स्टीलच्या पातळ प्लेटा असतात, त्यामुळे वजनाखाली फुगून बाहेर येत नाही पण आडवा थोडा सरकू देतो. आणि सरकावं तर लागतंच. काँक्रीट डिग्रीला मीटरमागं ०.०१२ मिमी वाढतं, २५ मीटरचा गर्डर ३० डिग्रीच्या फरकात ९ मिमी, ऐकायला काहीच नाही पण दोन्हीकडं गच्च आवळून ठेवला तर हेच ९ मिमी अबटमेंटला तडे पाडतात.

मग वाहून जाणार नाही का, भूकंपात सरकून पडणार नाही का? तात्यांचा पुढचा प्रश्न तोच, आणि तो बरोबर आहे, १९६७ चा कोयनेचा भूकंप त्यांनी पोरवयात अनुभवलाय. त्यासाठी स्टॉपर असतात, अबटमेंटच्या माथ्यातनंच सळ्या वर काढून ओतलेले ठोकळे, गर्डरच्या बाजूला थोडी फट ठेवून. रोज ते कशाला टेकतच नाहीत, हादरा बसला की मगच अडवतात. तात्या म्हणाले, "मंजी जुवाच्या शिवळा की रं." एकदम करेक्ट! शिवळ बैलाची मान आवळत नाही, बाहेर जाऊ देत नाही एवढंच. चार वर्षं इंजिनिअरिंग करून मला हे सुचलं नव्हतं.

खरा घोळ नंतर झाला. एका पेडेस्टलची लेव्हल चुकलेली, पॅडखाली एका कोपऱ्यात वहीचा कागद आरामात आत जायचा, म्हणजे सगळं वजन उरलेल्या भागावर. जॅकनं गर्डर उचलून नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारा सिमेंटचा गारा) भरलं, एक दिवस गेला. पण त्याहून वाईट म्हणजे स्लॅब ओतल्यावर गर्डरचं टोक आणि डर्ट वॉल (अबटमेंटची मागची भिंत, मातीचा भराव अडवणारी) यांच्यातली फट. टॉर्च घेऊन पोटावर सरपटत आत गेलो तर फटीत घातलेला थर्माकोल तसाच आणि त्याच्या बाजूनं स्लरी (सिमेंटचं पातळ पाणी) उतरून दोन फूट दगड झालेली. वरनं बघणाऱ्याला काही कळलं नसतं, मे महिन्यात गर्डर उन्हानं वाढला की तडे जाऊन भिंतीनंच सांगितलं असतं. छिन्नी हातोडा घेऊन दोन पोरं दोन दिवस, आणि त्यांच्या शिव्या मी ऐकल्या, चूक माझीच होती, ओतण्याआधी फट झाकून घ्यायला पाहिजे होती.

बेअरिंग, जॉइंट (टोकाच्या फटीवरचा रबरी सांधा) काही नको, गर्डरच्या सळ्या अबटमेंटमध्ये गुंतवून एकत्रच ओतायचं, असंही करतात, इंटिग्रल म्हणतात. जॉइंटमधनं पाणी गळून खालचं खराब होण्याची कटकटच मिटते. पण मग अबटमेंटनं स्वतः पुढंमागं लवायला पाहिजे, आमचं जाडजूड, खडकावर बसलेलं, ते कसलं लवतंय.

मागच्या आठवड्यात तात्यांना गाडीवर घेऊन तिकडनं आलो. ऊसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, जॉइंटच्या रबरी खाचेत खडी, चिखल आणि पाचट गच्च बसलेलं. गाडी कडेला लावून किल्लीनं उकरत बसलो, फूटभर निघालं असेल. तात्या मागं बसून हॉर्न वाजवत होते, "चल की, म्हशीची धार काढायची हाय."