पिकिन्यी: दोन राजे, एक पूल आणि मधली जाळी

पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकावरून अमियाँ सव्वा-दीड तासावर. तिथून आबव्हिलकडे जाणारी प्रादेशिक गाडी पकडली की पिकिन्यी साधारण पंधरा मिनिटांत येतं. उतरल्यावर रांग, तिकीटखिडकी, भव्य स्मारक असलं काही शोधू नका. सोम्म नदी, तिचे फाटे, पाणथळ जमीन आणि वर टेकाडावर पडका किल्ला, एवढाच पसारा. 29 ऑगस्ट 1475 रोजी फ्रान्सचा अकरावा लुई आणि इंग्लंडचा चौथा एडवर्ड यांनी इथे तहाची शपथ घेतली.

एडवर्ड त्या जुलैत मोठी फौज घेऊन कॅलेला उतरला होता. त्याला फ्रान्सचा मुकुटच हवा होता. पण ज्याच्या भरवशावर आला, तो बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स फौजेविनाच भेटायला आला. लुईने हे हेरलं आणि तलवारीऐवजी थैली काढली: 75,000 एकू (फ्रेंच सोन्याची नाणी) रोख, पुढे दर वर्षी 50,000, सात वर्षांचा युद्धविराम, शिवाय आपल्या मुलाशी एडवर्डच्या मुलीचं लग्न. अमियाँच्या वेशीवर मेजं मांडून इंग्रज शिपायांना फुकट दारू पाजली, ती वेगळीच. मला तर या सगळ्या प्रकरणात लुईच आवडतो, कंजूष आणि कावेबाज असला तरी.

पण पिकिन्यीला यायचं ते जाळीसाठी. भेटीकरता नदीवर मुद्दाम लाकडी पूल बांधला आणि मधोमध जाड लाकडांची जाळी ठोकली. लुईबरोबर हजर असलेला त्याचा सल्लागार फिलिप द कोमीन आपल्या आठवणींत लिहितो, की ती सिंहाच्या पिंजऱ्यासारखी होती, जेमतेम हात आत जाईल एवढीच भोकं. दारच ठेवलं नव्हतं, कारण 1419 मध्ये मोंतेरोच्या पुलावर अशाच भेटीत बर्गंडीचा ड्यूक जाँ दारातून पलीकडे गेला आणि मारला गेला. मारणारी माणसं लुईच्या वडिलांचीच! शिवाय कोमीनला त्या दिवशी राजासारखाच पोशाख घालायला लावलं होतं. दोन्ही राजांनी जाळीतून एकमेकांना आलिंगन दिलं, मग एक हात प्रार्थनापोथीवर आणि दुसरा पवित्र क्रुसाच्या तुकड्यावर ठेवून शपथ घेतली. लगेच लुईने एडवर्डला गमतीत पॅरिसला बोलावलं आणि तो खरंच येईल की काय म्हणून नंतर धास्तावला.

संशयाला या गावात जुना आधार होता. 942 मध्ये नॉर्मंडीचा विल्यम समेटाच्या बोलणीसाठी इथल्याच नदीतल्या बेटावर आला आणि दगा होऊन मारला गेला.

तो पूल आज नाही. नदीकाठच्या वाटेवर उभं राहून जागेचा अंदाज घ्या. इंग्रजांना दलदलीतल्या अरुंद बांधावरून यावं लागलं आणि कोमीनच्या मते दगा करायचाच असता तर ते पुरते अडकले असते. आजूबाजूचा पाणथळ भाग बघितला की हे पटतं. नंतर चढण चढून किल्ल्याची तटबंदी आणि शेजारचं सेंट मार्टिनचं जुनं चर्च बघा. किल्ल्याच्या आत जायचं असेल तर अमियाँच्या पर्यटन कार्यालयात आधी चौकशी करा.

हवा बरी असेल तर अमियाँहून सायकल घ्या. नदीकाठची वाट सपाट आहे आणि रहदारी नाही. पावसानंतर मात्र जुने बूट घाला. कोमीनची ती पानं आधी वाचून जा, नाहीतर इथे नुसतं पाणी दिसेल. अमियाँच्या कॅथेड्रलला निदान अर्धा दिवस ठेवा, तेवढाही कमीच पडतो. शाकाहारी असाल तर तिथल्या प्रसिद्ध ‘फिसेल पिकार्द’ला (सारण भरलेली धिरड्याची गुंडाळी) हात लावू नका, त्यात हॅम असतं, बदामाचे माकारों बिनधास्त खा, पण अंडं चालत असेल तरच. रविवारी दुकानं बंद आणि गाड्या कमी, म्हणून परतीची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा.