‘बा’ची यादी: सहा व्हिएतनामी नोंदी घातल्या, उरली एक

वेगवेगळ्या भाषांत योगायोगाने जुळणाऱ्या ‘बा’ शब्दांची यादी एका डेटाबेसमध्ये चालू आहे. तिच्यात व्हिएतनामीच्या सहा ओळी इंपोर्ट केल्या आणि दिसली एकच, ‘बा = तीन’. बाकीच्या पाच ‘डुप्लिकेट’ म्हणून गळाल्या, तेही मुकाट, कारण चुकीच्या ओळी गाळून पुढे जाण्याचा पर्याय चालू होता. तो आधी बंद करा.

खरं तर व्हिएतनामीत सूर बदलला की शब्दच बदलतो, आणि लिहिताना तो सूर अक्षराच्या वर-खालच्या खुणेनं दाखवतात. सपाट सुरात तीन, उतरत्या सुरात आजी, चढत्यात (उत्तरेकडे) आईची थोरली बहीण. खाली जाऊन वळणारा सूर लावला तर विषारी आमिष, मधे तुटणारा लावला तर चोथा; उसाचं चिपाड म्हणजे ‘बा मिआ’, ते याच सुरातलं. सहावा जड सूर नोंदवहीचा: शाळेचं प्रगतिपुस्तक ‘हॉक बा’.

दोष युनिक कीच्या (एकच नोंद दोनदा येऊ न देणाऱ्या नियमाच्या) कोलेशनचा, म्हणजे अक्षरं सारखी की वेगळी हे ठरवणाऱ्या पद्धतीचा. ते ॲक्सेंट-इनसेन्सिटिव्ह (खुणा न मोजणारं) असलं की सहाही बा त्याला सारखेच. म्हणून बायनरी (बाइटन्‌बाइट ताडून पाहणारं) कोलेशन लावलं, तर उलटंच झालं: आजी दोनदा! एका ओळीत खूण अक्षराला जोडलेली (यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट), दुसरीत सुटी (४ बाइट). पडद्यावर दोन्ही हुबेहूब. विंडोज-१२५८ या व्हिएतनामी संकेतप्रणालीतल्या जुन्या फायली उतरवल्या की अशा सुट्या खुणा हमखास येतात.

क्रम असा ठेवा: आधी प्रत्येक ओळीला एनएफसी (सुट्या खुणा अक्षराला जोडणारं युनिकोडचं रूप), मग बायनरी युनिक की, मग इंपोर्ट. शोधासाठी सुरांच्या खुणा काढलेला वेगळा कॉलम. तो करताना एनएफडी करून (म्हणजे खुणा सुट्या करून) फक्त ०३००, ०३०१, ०३०३, ०३०९ आणि ०३२३ (युनिकोडचे हेक्स क्रमांक) या सुरांच्या पाच खुणा काढा. सरसकट सगळ्या काढल्या तर स्वरांच्या टोप्या आणि शिंगंही (â, ơ यांवरच्या खुणा) जातात, आणि ती सुरांची नव्हेत, अक्षराचाच भाग आहेत. आता सहापैकी सहा. झकास!

पुढचा नंबर मँडरिनचा होता: पहिल्या सुरात ‘बा’ म्हणजे आठ. पण पिनयिनचा (मँडरिनच्या रोमन लेखनाचा) हा ‘ब’ अघोष, मराठी कानाला ‘पा’च वाटेल. व्हिएतनामी ‘ब’ तर श्वास आत ओढल्यासारखा, सिंधीतल्या ‘ॿ’च्या जातीचा. आणि सिंधीत ‘ॿ’ म्हणजे दोन! स्वर ऱ्हस्व आहे, पण दोन, तीन, आठ अशी रांग सोडवत नाही. म्हणून बेत बदलला: मँडरिन थांबवून आधी उच्चाराचा कॉलम, आणि जुळणी स्पेलिंगची की ध्वनीची हे प्रत्येक ओळीत वेगळं.

छाटणीही करावी लागेल. दक्षिण व्हिएतनामातला ‘बा’ म्हणजे वडील आणि आपला ‘बा’ यांचं जुळणं योगायोग म्हणून धरू नये. बाळांच्या ओठांवरचे असे शब्द कुठेही उगवतात. मराठीत बाप आणि गुजरातीत आई ही जोडी गमतीची, पण दोन्ही भाषा एकाच घरातल्या. प्राचीन इजिप्तचा ‘बा’ (आत्म्याचं एक रूप) कितीही मोहक असला तरी बाद: त्या लिपीत स्वर लिहीतच नाहीत, तिथला ‘आ’ अभ्यासकांनी वाचायच्या सोयीसाठी घातलेला.

आयरिशचा ‘बा’ म्हणजे गाई, ‘बो’चं अनेकवचन. तो राहील, पण फक्त स्पेलिंगच्या रकान्यात.