बर्मिंगहॅमचं चर्च आणि गॅलरीतला काळा येशू

अटलांटाहून बर्मिंगहॅम म्हणजे गाडीने सव्वादोन-अडीच तास, पण अलाबामाचं घड्याळ जॉर्जियाच्या एक तास मागे हे डोक्यातच नव्हतं, त्यामुळे सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट या काळ्या लोकांच्या चर्चच्या टूरला आम्ही तासभर आधीच हजर. बायको म्हणाली, समोर पार्क आहे ना, चल तिकडे.

हा केली इन्ग्रॅम पार्क. मे १९६३ मध्ये वर्णभेदाविरुद्ध मोर्चात उतरलेल्या शाळकरी पोरांवर पोलिसांनी इथेच कुत्रे सोडले, फायर ब्रिगेडच्या पाण्याचा मारा केला. त्या कुत्र्यांचे पुतळे पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी असे झेपावलेत की मधून जाताना मी चक्क अंग चोरलं. पुढे गुडघे टेकून प्रार्थना करणारे तीन पाद्री, दगडातले. हे चळवळीतले. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आठ गोऱ्या धर्मगुरूंनी (सात ख्रिस्ती आणि एक ज्यू) पत्रक काढलेलं की ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत, वेळही बरोबर नाही. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा गुड फ्रायडेला अटक होऊन इथल्याच जेलमध्ये होते, त्यांनी पेपरच्या कडेच्या कोऱ्या जागेत उत्तर लिहायला घेतलं, की आम्हाला सांगितलेल्या 'थांबा'चा अर्थ बहुतेक वेळा 'कधीच नाही' असाच निघालाय. किंग स्वतः पाद्री, म्हणजे बायबल दोन्हीकडे तेच!

पार्कच्या चर्चकडच्या कोपऱ्यात चार काळ्या मुलींचा पुतळा आहे. एक जण दुसरीच्या फ्रॉकचा पट्टा बांधतेय. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळी १०:२२ ला याच चर्चच्या पायऱ्यांखाली बॉम्ब फुटला आणि त्या चौघी गेल्या, तेव्हा तळघरात त्या खरंच तेच करत होत्या. तिघी १४ वर्षांच्या, एक ११ ची. बॉम्ब ठेवणारे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या संघटनेचे, ज्यांची खूण म्हणजे जळता क्रॉस, आणि स्वतःला पक्के ख्रिश्चन म्हणवणारे. पहिली शिक्षा व्हायला १९७७ उजाडलं, शेवटची २००२ मध्ये.

आत गेल्यावर गाईडकाकूंनी (सत्तरीच्या, आवाज मात्र खणखणीत) सांगितलं की स्फोटात एका रंगीत काचेच्या खिडकीतल्या येशूचा फक्त चेहराच उडाला, बाकी खिडकी चौकटीत तशीच. मग वर गॅलरीत नेलं. तिथे निळ्या काचेत काळा येशू, हात पसरलेले, मान झुकलेली, डोक्यावर इंद्रधनुष्य. एक हात अन्याय ढकलतोय, दुसरा क्षमा करतोय म्हणे. ही खिडकी १९६५ मध्ये ब्रिटनमधल्या वेल्सच्या लोकांनी दिली, कलाकार जॉन पेट्स. तिकडच्या एका पेपरने वर्गणी काढली आणि माणशी अर्ध्या क्राउनच्या (तेव्हाचं एक ब्रिटिश नाणं) वर घ्यायचं नाही असं ठरवलं, कुणा एका शेठजीचं दान व्हायला नको म्हणून. मला तर ही अट खिडकीपेक्षाही आवडली.

खाली मत्तयच्या शुभवर्तमानातले शब्द आहेत, 'यू डू इट टू मी'. म्हणजे दुबळ्यातल्या दुबळ्याशी जे वागाल ते माझ्याशीच. बायकोने काकूंना विचारलं, हे नक्की कुणाला उद्देशून, बॉम्ब ठेवणाऱ्यांना की अर्धा क्राउन देणाऱ्यांना? काकू म्हणाल्या, "बोथ, हनी," आणि जिना जरा उंच आहे, कठड्याला धरून उतरा म्हणाल्या.